बाकावरच्या आजोबांचं पुढे काय झालं

मगताईचं खरं नाव गावच्या बातम्यांच्या चॅनलमध्ये कुणाच्या तोंडात बसलंच नाही. गळ्यातल्या ओळखपत्रावर ते छापलेलं आहे, असो बापडं तिथे. बाकी सगळं गाव तिला मगताई म्हणतं, आणि त्याला कारणीभूत ती स्वतःच. समोरचा माणूस बोलायचा थांबला रे थांबला की हिच्या तोंडून आपोआप निघतं, "मग?"

चोर कसा पकडला ते सांगून फौजदार मिशीवरून हात फिरवत थांबले की ही म्हणणार, "मग?" नगराध्यक्षांनी पाण्याच्या टाकीचं पुराण संपवून रुमालाने कपाळ पुसलं की ही म्हणणार, "मग?" सांगणाऱ्याचं सगळं सांगून झालेलं असतं हो! पण समोर ही बाई डोळे मोठे करून बसलेली, आता खरी गंमत पुढे आहे अशा थाटात. मग तो बिचारा गडबडतो आणि जे सांगायचं नव्हतं ते सांगून बसतो. टाकी गळते हे गावाला असंच कळलं.

तिला कुणी भोचक म्हटलं तर ती नाकारत नाही. "भोचक नसते तर इथे कशाला आले असते? बँकेत गेले असते," असं म्हणून मोकळी होते.

चॅनल म्हणजे काय, तर टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एकीत साहेब, म्हणजे संपादक. दुसरीत दोन कॉम्प्युटर, चहाचा थर्मास आणि सगळ्यांच्या छत्र्या. तिसरीत स्टुडिओ. स्टुडिओतलं टेबल समोरून असं चकाचक की बघत राहावं, आणि मागून बघाल तर दोन प्लास्टिकची स्टुलं आणि त्यावर फळी. बातम्या वाचणारा वरून कोट घालतो आणि खाली त्याच्या पायात बाथरूमच्या सपाता असतात. संध्याकाळी बातम्या सुरू झाल्या की जिन्यातला लाल दिवा लागतो, तो बघून खालचा टायरवाला हवा भरायचं मशीन बंद करतो. एकदा तो विसरला, तर अर्थसंकल्पाच्या बातमीत मधेच फुस्स झालं. लोकांना वाटलं, मुद्दाम केलं.

अशा जागी वार्ताहर होणं म्हणजे नुसतं माइक धरणं नव्हे. मगताई बातमी शोधते, लिहिते, तिला आवाज देते, गरज पडली तर कॅमेऱ्याचा स्टँडही खांद्यावर टाकते आणि स्कूटरच्या आरशात बघून पावडर लावते. तिच्याबरोबर कॅमेरामन असतो, त्याला सगळे त्रिपाय म्हणतात, कारण तो स्टँडसारखाच उंच आणि काटकुळा आहे. आणि ऑफिसात बसतो तो कात्री. कात्री म्हणजे कापाकापी करणारा, व्हिडिओ एडिटर. पिकल्या केसांचा, कायम वैतागलेला. त्याचा मुख्य वैताग मगताईवर. "तुझे 'मग' काढता काढता माझ्या नाकी नऊ येतात. नुसती मान डोलवत जा ना!" मान डोलवायचं ती रोज कबूल करायची आणि रोज विसरायची.

तर गोष्ट सुरू झाली ती ऑफिसात नव्हे, तिच्या घरी. आणि सुरू केली तिच्या सासूबाईंनी.

सासूबाई म्हणजे चॅनलच्या सर्वांत निष्ठावंत आणि सर्वांत खवट प्रेक्षक. सून घरी येऊन चपला काढते न काढते तोच निकाल लागायचा. "आज केस कानामागे का घेतले होतेस? ऐकू कमी येणाऱ्या बाईसारखी दिसत होतीस." मगताईचा नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. तो अशा वेळी भांडी घासायला पळायचा, एवढा शहाणा.

त्या दिवशी मात्र सासूबाई केसांबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "काय गं, ते बाकावरचे आजोबा कोण?"

"कुठले आजोबा?"

"अगं, तुमचे! आज फोनवरून फसवणूक झाली त्या बातमीत होते. मागच्या आठवड्यात थंडीच्या बातमीत होते. त्याच्या आधी ते मुलांनी आईबापांना टाकलं त्यात होते, त्यात तर तुझाच आवाज होता. मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसलेले. नजर अशी एका बाजूला, जीव टांगणीला लागल्यासारखी. एका माणसामागे किती ते भोग! मी आपली रोज बघते, म्हटलं आज तरी त्यांचं काही बरं झालं असेल." आणि सासूबाईंनी चष्मा काढून सुनेकडे बघितलं. "त्यांचं पुढे काय झालं?"

आता बघा, जी बाई सगळ्या गावाला 'मग?' विचारत फिरते, तिला तिच्याच घरात कुणीतरी 'मग?' विचारलं, आणि हिच्याकडे उत्तर नाही! मगताईला तोंडात मारल्यासारखं झालं. डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. जेवताना नवऱ्याने दोनदा मीठ मागितलं, हिने दोनदा पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने कात्रीला गाठलं. त्याने कुरकुरत कॉम्प्युटरवर 'जनरल' नावाचं फोल्डर उघडलं. ही चॅनलची अडगळीची खोली. बातमी आहे पण दाखवायला चित्र नाही, अशा वेळी इथलं काहीतरी उचलून लावायचं. आत नावं अशी: 'पाऊस जास्त', 'पाऊस कमी', 'गर्दी', 'रिकामी खुर्ची', 'म्हातारा दुःखी'.

"म्हातारा दुःखी!" मगताई म्हणाली. "आणि म्हातारा आनंदी?"

"तो कोण मागतंय?" कात्री म्हणाला.

आजोबा पडद्यावर आले. बाक, पिशवी, बाजूला खिळलेली नजर. ओठ घट्ट मिटलेले. खरंच, बघणाऱ्याने हळहळावं असा चेहरा. आणि काही कळायच्या आत चित्र संपलं.

"एवढंच?"

"एवढंच लागतं. चांगला शॉट आहे. इमानी आहे. कुठेही लावा, चालतो."

त्रिपायला विचारलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "हॉस्पिटलच्या बागेतला आहे ताई. कारंजं दुरुस्त झालं त्याची बातमी होती बघा. आजोबा बसले होते, तोंडावर उजेड छान पडला होता, घेतला. मग तुम्ही हाक मारलीत, चल रे, ऊन जातंय म्हणून. बंद केला कॅमेरा आणि तुमच्याकडे वळलो. तुमचं ते 'पुनरुज्जीवन' नाही का झालं त्या दिवशी!"

बाकीचे फिदीफिदी हसले. ते पुनरुज्जीवन ऑफिसात कुणी विसरलं नव्हतं. कॅमेऱ्यापुढे उभं राहून मगताईला म्हणायचं होतं, 'उद्यानाचं पुनरुज्जीवन झालं आहे.' जीभच वळेना. पुनज्जीवन काय, पुनुरुज्जीवन काय, एकदा तर सरळ पुरणजीवन! म्हणजे त्या दिवशी तीसुद्धा तिथेच होती. आजोबांच्या पुढ्यात. आणि तिने त्यांना पाहिलंही नव्हतं. जिला शेजारच्या घरात नवीन पडदे लागले तरी आधी कळतं, तिने!

साहेबांकडे गेली. "साहेब, या आजोबांना आपण सगळ्यांच्या बातम्यांत वापरतो. त्यांची स्वतःची बातमी कधी केलीच नाही."

साहेब फोनवर होते. हातानेच म्हणाले, करा काय करायचं ते, पण बाकीची कामं आटपून.

बाकीची कामं आटपून ती त्रिपायला घेऊन हॉस्पिटलच्या बागेत गेली. कारंजं परत बंद पडलं होतं. माळी नळीने पाणी घालत होता. त्याला मोबाइलवर चित्र दाखवलं, तर तो लगेच म्हणाला, "हे टीव्हीवरचे आजोबा ना? बिचारे. पोरांनी टाकलंय त्यांना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

माळ्याने नळी बाजूला धरली आणि चमत्कारिक नजरेने तिच्याकडे बघितलं. "तुम्हीच की."

मगताईने मोबाइल पर्समध्ये टाकला.

माळी पुढे सांगत होता, आजोबा पूर्वी रोज यायचे. टीव्हीवर दिसायला लागल्यावर लोक त्यांच्या शेजारी बिस्किटं ठेवून जायला लागले. एका बाईंनी तर स्वेटर आणून दिला. आजोबा त्यांच्यामागे पळत गेले तो परत द्यायला, आणि मग यायचेच बंद झाले. राहतात ते पाण्याच्या टाकीमागे, इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर.

इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर दार उघडलं ते एका पन्नाशीच्या बाईने. तिने मगताईचा चेहरा बघितला, माइकवरचं चॅनलचं चिन्ह बघितलं, आणि तिचा पारा असा चढला की त्रिपाय दोन पायऱ्या खाली उतरला.

"तुम्ही! या, या ना! बापाला रस्त्यावर टाकणारी मुलगी बघायला आलात ना? ही बघा, मीच ती! नीट दिसतेय ना? का दिव्याखाली येऊ? शाळेत शिकवते मी. पोरांच्या आया मला बघून कुजबुजतात. माझ्या नणंदेने दुसऱ्या गावाहून फोन करून विचारलं, तू वडिलांना जेवायला देतेस ना? माझ्या घरात, माझ्या हातचं, तीन वेळा खातात ते! वर मीठ कमी आहे म्हणतात!"

मगताईच्या कानाची पाळी लाल झाली. माफी मागायला तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आजोबा बाहेर आले. तेच. फक्त चेहरा अगदी उलटा. लहान मुलाच्या हाती फुगा दिल्यावर होतो तसा.

"आलात? मला माहीत होतं, कधीतरी येतीलच! अगं, चहा टाक. ते पुढचं आणलंत का?"

"पुढचं म्हणजे, आजोबा?"

"म्हणजे काय? त्या बाकाचं पुढचं!"

मगताईने त्यांच्यासमोर बसकण मारली. "पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

आजोबा पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, त्यामुळे स्वतःचं बोलणं असं तुकड्यातुकड्यात, मधे थांबत थांबत. मगताईसारख्या बाईला याहून गोड माणूस कुठला?

आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. हाड जुळलं.

"मग?"

मग चालायला शिकवायला एक नर्स होती, ती त्यांना वॉकर धरून बागेत आणायची. एक दिवस ती म्हणाली, आज वॉकर सोडायचा. दिव्याच्या खांबापासून बाकापर्यंत एकट्याने यायचं. आणि आजोबांना दम भरला, तुम्ही बाकावर बसायचं, जागचं हलायचं नाही. तुम्ही उठलात तर त्या तुमच्याकडे झेपावतील आणि पडतील.

"मग?"

"मग काय, बसलो. ती खांबाशी उभी. पाय लटलट कापतायत. मला उठता येईना. तुम्ही सांगा, कसं तोंड होईल माणसाचं? तसं झालं."

त्रिपाय दाराशी उभा होता. त्याने हळूच मान खाली घातली.

"मग?" मगताई आणखी पुढे सरकली.

"मग आली की ती! एकटी! बाकापर्यंत आली, माझा खांदा धरला आणि म्हणाली, हात् मेलं, एवढंच होय?"

"खोटं आहे सगळं!" आतल्या खोलीतून खणखणीत आवाज आला. "नर्सने धरलं होतं मला पोत्यासारखं. काहीतरी रचून सांगतात!"

आजी आत खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांवर पांघरूण. तोंडाने धडधाकट, पण खुर्चीचे हात असे गच्च पकडलेले की कुणी हिसकावून घेईल.

मुलीने चहाचे कप ठेवले. तिचा राग आता जरा निवला होता. हलक्या आवाजात तिनेच पुढचं सांगितलं. त्यानंतर लगेच आई न्हाणीघरात घसरून पडली. लागलं काहीच नाही, पण धसका बसला तो बसला. तेव्हापासून दोघांनी धरल्याशिवाय उभी राहत नाही. डॉक्टर म्हणतात, हाड उत्तम आहे, भीती घालवा. आता चालल्या नाहीत तर पायातली ताकद जाईल, मग मनात आणलं तरी उठता येणार नाही, खुर्ची कायमची. आणि हिने तर डोक्यातच घेतलंय की आपण एकट्या कधी चाललोच नाही. नर्स परदेशी गेली. मी शाळेत होते. बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

"कोण म्हणतं नव्हतं?" आजोबा म्हणाले. "कॅमेरा होता! मी हिला रोज सांगतो, त्यांच्याकडे पुढचं असणार. म्हणून तुमच्या बातम्या लागल्या की मी टीव्हीसमोर बसतो. मी दिसलो की वाटतं, आज जरा पुढचं दाखवतील. नुसतं थोडंसं. ती यायचीच असते बघा. पण तुम्ही नेमकं तिथेच तोडता."

मगताईला 'मग' विचारवेना. तिला रडूच कोसळलं. चांगलं नाक ओढून रडली बाई, परक्या घरात, चहाचा कप हातात धरून. सगळं गाव ज्याला टाकलेला म्हातारा म्हणून हळहळत होतं, तो आपल्या बायकोचं पाऊल पडायची वाट बघत होता. आणि ते पाऊल पडायच्या आत ऊन जातंय म्हणून हाक मारणारी ही.

"शोधते," एवढंच ती म्हणाली.

शोधणार कुठे? ऑफिसात आल्या आल्या कात्रीने निकाल दिला. चॅनलमध्ये कच्चं चित्रीकरण ठेवायला जागा नसते. लागेल तेवढं कापून घ्यायचं, बाकी पुसायचं, कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या दिवशी परत वापरायचं. त्या कार्डावर नंतर किती सभा आणि किती उद्घाटनं चढली असतील, देव जाणे. आणि समजा कार्ड सापडलं तरी काय? त्रिपायने कॅमेरा बंद केला होता. त्या शॉटला पुढचं नव्हतंच.

मगताई जिन्यात जाऊन बसली. खाली टायरवाला हवा भरत होता. ती तिथे इतका वेळ बसली की साहेब येता जाता दोनदा डोकावून गेले, तब्येत बरी आहे ना म्हणून.

मागून खाकरल्याचा आवाज आला. कात्री होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता, चक्क ओशाळलेपणा होता.

"रागावणार नसशील तर एक सांगतो."

"काय?"

"आधी शब्द दे."

"अहो दादा, बोला की!"

"त्या दिवशी त्रिपाय तुझ्याकडे वळला ना, ते... म्हणजे तुझं ते पुनरुज्जीवन... ते सगळं मी ठेवलंय."

त्याने तिला कॉम्प्युटरपाशी नेलं आणि इकडेतिकडे बघत कोपऱ्यातलं एक फोल्डर उघडलं. नाव होतं, 'मगताई गमती'.

"हे काय?"

"वर्षाखेरीला सगळ्यांना दाखवायला. हसायला जरा," कात्री पुटपुटला.

"म्हणजे बातमीतले माझे 'मग' कापून फेकता, आणि हे एवढं जपून ठेवता!" पण तिला रागवायला फुरसत नव्हती. त्रिपाय धावत आला. तिघांची डोकी पडद्याला भिडली.

पडद्यावर मगताई, माइक घेऊन. "उद्यानाचं पुनज्जी..." शी! आणि तिच्या उजव्या खांद्यामागे, लांब, बाक. बाकावर आजोबा! डाव्या खांद्यामागे दिव्याचा खांब, आणि खांबाला धरून एक बारकी आकृती. शेजारी पांढरे कपडे. नर्स.

"आहेत," त्रिपाय पुटपुटला. "आहेत, ताई."

पुढचा तुकडा. "उद्यानाचं पुनुरु..." नर्सने वॉकर बाजूला घेतला. पुढचा तुकडा. "उद्यानाचं पुरणजीवन," आणि मागे आजींनी खांब सोडला. एक पाऊल. दुसरं. आणि आजी सरकत सरकत थेट मगताईच्या डोक्यामागे गेल्या.

"डोकं बाजूला घे!" कात्री पडद्यावरच्या मगताईवर ओरडला. "अगं, डोकं घे ना बाजूला!"

"घेतेय का ती!" खरी मगताईही ओरडली. "उभीये ढिम्म!"

पडद्यावरच्या मगताईने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा जीभ अडखळली, आणि हसू आवरेना म्हणून ती पोट धरून खालीच बसली. चित्र सगळं मोकळं झालं. त्रिपाय बहुतेक हसत होता, कारण चित्र गदागदा हलत होतं, पण कॅमेरा त्याने बंद केला नव्हता. आणि त्या मोकळ्या वाटेवर, मधोमध, आजी. दोन्ही हात पसरलेले. नर्स लांब, खांबापाशी, दोन्ही हातांत वॉकर धरून उभी. जवळपास दुसरं कुणीही नाही. आजी एक पाय जरा ओढत, पण चालत आल्या, बाकापर्यंत आल्या आणि त्यांनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. आजोबा उठले. पिशवी खाली पडली.

मग पडद्यावर मगताईचं डोकं परत वर आलं. "उद्यानाचं पुनरुज्जीवन झालं आहे," ती फाडकन म्हणाली, एकही चूक न करता. गावाने बातमीत बघितलं ते इथून पुढचं. आधीचं कात्रीने नेहमीप्रमाणे कापलं होतं.

कात्रीने चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसत होता.

साहेबांना कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "अहो, काय स्टोरी आहे! आजच लावू! घरी जाऊन आजींचा चेहरा टिपा, बघतानाचा!"

"आधी आजी बघतील, साहेब," मगताई म्हणाली. "गावाचं नंतर बघू." आणि त्यांचं उत्तर यायच्या आत जिना उतरली. 'म्हातारा दुःखी' हा शॉट कात्रीने तिच्या डोळ्यांदेखत पुसून टाकला होता, एवढं मात्र तिने आधी करून घेतलं.

इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर आजींच्या खुर्चीसमोर स्टुलावर लॅपटॉप ठेवला. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. आजोबा आजींच्या मागे, दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवून. त्रिपायने कॅमेऱ्याची पिशवी चपलांशेजारी ठेवली होती, चेन बंद.

"ही मधे कोण बोंबलतेय?" आजींनी सुरुवातीलाच विचारलं.

"मीच ती, आजी."

"बोलता येत नाही तर टीव्हीत कशाला घेतलं तुला?"

एव्हाना पडद्यावर मगताई खाली बसली होती, वाट मोकळी झाली होती. आजी पुढे वाकल्या. चित्र संपलं तरी त्या वाकलेल्याच होत्या.

"नर्स कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ती बघ, खांबाशी," आजोबा म्हणाले. "मी रोज सांगतोय तेच."

"परत लाव."

परत लावलं. मग परत. तिसऱ्या खेपेला आजींनी पडद्याला जवळजवळ बोट लावलं. "कशी फरफटवतेय पाय! सरळ टाकायला काय झालं होतं हिला?" पांघरुणाच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले आणि मान न वळवताच म्हणाल्या, "अहो."

"काय गं?"

"तिकडे दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसा. आणि उठायचं नाही, सांगून ठेवते."

आजोबा गेले. बसले. मुलगी धावत पुढे आली, तिला आजींनी हाताने थांबवलं. खुर्चीचे हात धरून त्या उठल्या, आणि बराच वेळ तशाच, अर्ध्या वाकलेल्या, उभ्या राहिल्या. मग एक हात सोडला. मग दुसरा.

मगताईने आजोबांकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, नजर एका जागी खिळलेली. तोच चेहरा, जो चॅनलने थंडीला लावला, फसवणुकीला लावला, टाकलेल्या आईबापांना लावला. जन्मात कधी याला दुःखी म्हणणार नाही, तिने मनाशी म्हटलं.

आजींनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. खोलीच्या मध्यावर त्या थबकल्या. धरायला जवळ काही नव्हतं. पाय लटलट कापत होते. हात हवेत पसरलेले. मुलीने तोंडावर हात दाबला. आणि मगताईच्या तोंडून, मान डोलवायचं शंभरदा कबूल करूनही, निसटलंच.

"मग?"

"मग काय मग?" आजी खेकसल्या. "येतेय ना!"

आणि त्यांनी पुढचा पाय उचलला.